मंडळीचे मिशनकार्य : सीमाभागातल्या मराठी ख्रिस्ती लोकांचे आणि त्यांच्या शेजाऱ्यांचे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यातल्या मराठी मंडळ्यांत (मंडळी म्हणजे चर्चमधल्या विश्वासणाऱ्यांचा समुदाय) मिशनचा विषय निघाला की तेच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात. काही आपलीच तरुण मुले विचारतात, काही हिंदू, लिंगायत, मुसलमान शेजारी विचारतात, तर काही प्रश्न पोलीस ठाण्यात विचारले जातात. खालची उत्तरे एका प्रोटेस्टंट मंडळीतल्या माणसाने लिहिली आहेत, पण कॅथलिक बंधुभगिनींनाही यातले बरेचसे आपलेच वाटेल.

मिशनकार्य म्हणजे नेमके काय?

ख्रिस्ताने शिष्यांवर सोपवलेले काम चर्चच्या भिंतींबाहेर जाऊन करणे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी पुनरुत्थित प्रभू शिष्यांना सर्व राष्ट्रांकडे पाठवतो. लूकच्या चौथ्या अध्यायात तो स्वतःच्या कामाचा पाढा वाचतो : दीनांना सुवार्ता, बंदिवानांना सुटका, आंधळ्यांना दृष्टी. योहानाच्या विसाव्या अध्यायात तो म्हणतो की पित्याने मला पाठवले तसे मी तुम्हाला पाठवतो. हे तिन्ही उतारे एकत्र वाचावेत. पहिला एकटाच धरला तर मिशन म्हणजे बाप्तिस्म्यांची मोजदाद होऊन बसते. दुसरा एकटाच धरला तर आपण एक समाजसेवी संस्था उरतो आणि प्रभूचे नाव घ्यायला संकोचतो. तिसऱ्याने पहिल्या दोघांची रीत ठरते : जसा तो आला तसे जायचे, सत्ता न गाजवता.

१९५२ साली जर्मनीतल्या विलिंगेन येथे जगभरच्या प्रोटेस्टंट मिशनची परिषद भरली. मिशन मुळात देवाचे आहे आणि मंडळी त्यात सामील होते, हा विचार तेव्हापासून सगळीकडे रुजला. कॅथलिक चर्चनेही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, डिसेंबर १९६५ मध्ये, मंडळी स्वभावतःच मिशनरी आहे असे लिहून ठेवले. म्हणजे मिशन हे एखाद्या समितीकडे सोपवून मोकळे होण्याचे खाते नाही.

मग बाहेर जायचे म्हणजे कुठे? आफ्रिकेत?

प्रेषितांची कृत्ये, पहिला अध्याय, आठवे वचन. यरुशलेम, सर्व यहूदीया, शोमरोन आणि पृथ्वीचा शेवट असा तो क्रम आहे. आपण यरुशलेम म्हणजे आपले गाव आणि पृथ्वीचा शेवट म्हणजे परदेश असे वाचतो आणि शोमरोनावरून भरभर पुढे जातो. शोमरोनी हे यहूद्यांचे अगदी लागून राहणारे लोक होते. दोघांचा पूर्वज एक, विहीर एक, आणि तरीही पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर. उपासना कोणत्या डोंगरावर करायची यावरूनसुद्धा भांडण. त्या प्रदेशाला वळसा न घालता येशू तिथून गेला आणि विहिरीवरच्या बाईकडे त्याने पाणी मागितले. देण्याआधी मागितले, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

आता आपल्याकडे पाहा. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून पाट्या, शाळा, मोर्चे, काळा दिन, बंद यांत तीन पिढ्या गेल्या. मराठी माणसाची भाषेची वेदना खरी आहे, आणि ती ख्रिस्ती माणसालाही आहे. पण आमच्या मराठी मंडळ्यांचे शोमरोन कुठे आहे असे कोणी विचारले तर मी बोट दाखवीन ते कानडी गल्लीकडे. तिथे जाणे आपल्याला नागालँडला जाण्यापेक्षा अवघड वाटते. शहरातल्या काही चर्चमध्ये एकाच छपराखाली वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या भाषांत उपासना होते आणि एक मंडळी बाहेर पडताना दुसरी आत शिरते. दारात नमस्कार होतो, त्यापलीकडे फारसे काही नाही. मिशन याच दारातून सुरू झाले पाहिजे.

सीमाभागात हे काम सुरू कधी झाले?

पेशवाई संपल्यावर दोनच वर्षांनी, १८२० मध्ये, लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर बल्लारीहून बेळगावला आले. पुढे विल्यम बेनन त्यांना येऊन मिळाले. दोघांनी आयुष्याची बरीच वर्षे इथे घालवली. छावणीतली तमिळ माणसे, शहरातली मराठी आणि आसपासची कानडी अशा तिन्ही भाषांत त्यांनी काम केले. त्यांनी शाळा काढल्या. बेनन स्मिथ हायस्कूलच्या नावात ती आठवण अजून आहे. १९०४ मध्ये लंडन मिशनने इथले काम मेथॉडिस्टांकडे सोपवले आणि आजच्या बऱ्याच मेथॉडिस्ट मंडळ्या त्यातून वाढल्या.

आकड्यांच्या हिशेबाने पाहिले तर या चौऱ्याऐंशी वर्षांचे पीक थोडेच होते. पण त्यातला एक दाणा असा निघाला की मराठी साहित्याला त्याची नोंद घ्यावी लागली. बाबा पदमनजी १८३१ साली बेळगावातच जन्मले, इथल्या मिशन शाळेत शिकले, आणि १८५४ मध्ये त्यांचा बाप्तिस्माही बेळगावातच झाला. तीनच वर्षांनी, १८५७ मध्ये, विधवांच्या दुःखावरची त्यांची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी आली. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचे नाव घेतात. आमच्या तरुणांना कोल्हापूर-पुण्याचे लेखक माहीत असतात, पण हा आपल्या गावचा माणूस माहीत नसतो, याचे मला वाईट वाटते.

कॅथलिकांची वाट वेगळी. ती मुख्यतः गोव्याकडून, घाट चढून आली. सेंट पॉल्स हायस्कूल १८५६ पासूनचे. बेळगावचा स्वतंत्र धर्मप्रांत मात्र १९५३ चा, आणि त्याचे कॅथेड्रल कॅम्पातले फातिमामातेचे.

ख्रिस्ती धर्म इंग्रजांनी आणला, असे शेजारी म्हणतात. काय सांगायचे?

केरळातले ख्रिस्ती लोक इंग्रजांच्या कितीतरी शतके आधीपासून आहेत, हे सांगा. मराठीपुरते बोलायचे तर फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ हे ओवीबद्ध काव्य १६१६ मध्ये गोव्यातल्या राचोल येथे छापले गेले. तेव्हा शिवाजी महाराजांचा जन्मही झाला नव्हता.

ईस्ट इंडिया कंपनीला तर मिशनरी नकोच होते, व्यापारात खळबळ नको म्हणून. मिशनरी विल्यम केरी यांना कंपनीच्या हद्दीबाहेर, डेन्मार्कच्या ताब्यातल्या सेरामपूरला जाऊन राहावे लागले. बायबलमधले शुभवर्तमान मराठीत पहिल्यांदा छापले गेले ते तिथेच, १८०५ मध्ये. मिशनऱ्यांना रीतसर वाट मिळाली ती कंपनीच्या १८१३ च्या सनदेनंतर. एवढे सांगून झाल्यावर दुसरी बाजूही सांगायला हवी. टेलर बेळगावला येऊ शकले ते इंग्रजांची छावणी इथे पडली म्हणूनच. साहेबाच्या राज्यात पाद्र्याला संरक्षण होते आणि लोकांना दोघे एकच दिसत. हा डाग आपण नाकारू नये.

गोव्यात तर सक्तीने धर्मांतर झाले. ते खोटे का?

खरे आहे. सोळाव्या शतकात सासष्टी-बारदेशातली देवळे पाडली गेली. हिंदूंच्या सणा-संस्कारांवर बंदी आली. १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, बसवले गेले आणि १८१२ मध्ये ते कायमचे उठले. माणसे आपले देव पाठीवर घेऊन हद्दीपलीकडे गेली. आपल्या भागातल्या कितीतरी हिंदू घराण्यांच्या कुळकथा तिथूनच सुरू होतात. शेजारी हा विषय काढतो तेव्हा तो आपल्या आजोबा-पणजोबांबद्दल बोलत असतो. ‘ते पोर्तुगीज होते, आम्ही नव्हे’ असे म्हणून हात झटकू नयेत. ज्याच्या नावाने ते झाले त्याचेच नाव आपण घेतो, म्हणून आधी ऐकून घ्यावे.

त्याच गोव्यातून दुसरेही कोणी निघाले होते. जोसेफ वाझ हे सासष्टीचे पाद्री, जन्म १६५१ चा. श्रीलंकेत डच सत्ता कॅथलिकांना छळत होती आणि तिथल्या लोकांकडे पाद्री उरला नव्हता, हे कळल्यावर ते १६८७ मध्ये मजुराच्या वेशात तिकडे गेले. पाठीशी राजा नाही, खजिना नाही. कँडीच्या राजाने त्यांना हेर समजून कैदेत टाकले, आणि पुढे देवीची साथ आली तेव्हा टाकून दिलेल्या रोग्यांची त्यांनी शुश्रूषा केली. १७११ मध्ये ते तिथेच वारले. पोप फ्रान्सिस यांनी १४ जानेवारी २०१५ ला कोलंबोत त्यांना संत जाहीर केले. बाहेर जाण्याचे उदाहरण शोधायला आपल्याला युरोपात जावे लागत नाही, ते चोर्ला घाटाच्या खाली आहे.

दवाखाना, शाळा, धान्यवाटप हे सगळे माणसे ओढण्याचे आमिष नाही का?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो, आणि विचारणाऱ्याचा हक्क आहे. म्हणून सविस्तर लिहितो.

चिकोडी-अथणीकडच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, मोठे दुखणे आले की कुठे नेत? उत्तर येईल, मिरजेला. तिथे डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केले आणि तीनच वर्षांत वैद्यकीय शिक्षणही. सीमेच्या दोन्ही बाजूंची, सगळ्या जातिधर्मांची माणसे तिथे बरी होऊन घरी गेली, आणि बहुतेक जण जसे आले तसेच, आपापल्या धर्मात राहून गेले. ते रुग्णालय आमिष असते तर शंभर वर्षांत त्याच्यासारखा फसलेला गळ दुसरा नाही. खरे कारण साधे आहे. येशूने दहा कुष्ठरोगी बरे केले, आभार मानायला एकच परतला, आणि तरी उरलेल्या नवांचा रोग त्याने परत आणला नाही.

आता आपल्यातल्या लोकांशी बोलतो. असे गैरप्रकार होतच नाहीत असे मी म्हणणार नाही. प्रार्थनासभेला आलात तर मुलाची फी भरू, हे वाक्य चुकीचे आहे. औषध बंद करा, फक्त प्रार्थना करा, हे तर पाप आहे. मधुमेह, फिट, क्षय यांच्या गोळ्या कोणाच्या सांगण्यावरून कोणीही थांबवू नयेत, पाळकाच्या (मंडळीच्या धर्मगुरूच्या) तर नाहीच. आजाऱ्यासाठी प्रार्थना करावी, त्याची परवानगी घेऊन करावी आणि मग त्याला रिक्षात बसवून डॉक्टरकडे न्यावे. मदतीच्या वेळी बायबल वाटू नये. ज्याला वाचायचे आहे तो नंतर मागतो.

जागतिक चर्च परिषद, व्हॅटिकन आणि जागतिक इव्हँजेलिकल अलायन्स या तिघांनी मिळून जून २०११ मध्ये एक संयुक्त निवेदन काढले होते. फसवणूक, जबरदस्ती, गरिबीचा फायदा आणि पैशाची लालूच हे सर्व शुभवर्तमानाच्या विरुद्ध आहे, असे त्यात आहे. एकमेकांशी फारसे न पटणाऱ्या या तीन घरांचे या बाबतीत एकमत झाले. प्रत्येक मंडळीने ते निवेदन मराठीत वाचून दाखवावे, अशी माझी मागणी आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा कोपल्या तेव्हा निपाणी-चिकोडी-अथणीकडच्या छावण्यांत मठ, मशिदी, देवस्थाने आणि चर्च सगळ्यांची माणसे राबली. भाकरी कोणाच्या घरची हे कोणी विचारले नाही. वर्षभर तसेच वागता आले तर आमिषाचा आरोप कोणी केला तरी गावच उत्तर देईल.

सेवा पुरे की. येशूचे नाव कशाला घ्यायचे?

कारण ते लपवणे हा अप्रामाणिकपणा ठरेल. मी हे का करतो असे शेजाऱ्याने विचारले आणि मी ‘असेच, माणुसकी म्हणून’ एवढेच म्हणालो, तर मी त्याच्यापासून माझ्या घरातली सर्वांत मोठी गोष्ट लपवली. पेत्राच्या पहिल्या पत्रात म्हटले आहे की तुमच्या आशेचे कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने आणि आदराने. आधी विचारणारा हवा, हे त्यातच आले. दुसऱ्याच्या देवाची निंदा करून सांगितलेली सुवार्ता मला कधीच पटलेली नाही, आणि ती ऐकून कोणाचे मन वळलेलेही मी पाहिले नाही.

कर्नाटकातला धर्मांतराचा कायदा काय म्हणतो?

राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ ने सर्वांना आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. तो सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन आहे. प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितले.

कर्नाटकाचे विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये विधानसभेत मंजूर झाले ते आपल्याच बेळगावात, सुवर्ण विधानसौधात. पुढे अध्यादेश आणि सप्टेंबर २०२२ मध्ये कायदा झाला. बळजबरी, फसवणूक, आमिष, गैरवाजवी प्रभाव किंवा लग्नाचे वचन देऊन केलेले धर्मांतर त्यात गुन्हा आहे. शिक्षा तीन ते पाच वर्षे कैद आणि २५,००० रुपये दंड. व्यक्ती अल्पवयीन, स्त्री, किंवा अनुसूचित जाती-जमातीची असेल तर कैद दहा वर्षांपर्यंत जाऊ शकते. धर्म बदलणाऱ्याने आणि विधी करणाऱ्याने, दोघांनीही ३० दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांकडे ठरावीक नमुन्यात कळवायचे असते. ती नोटीस फलकावर लागते आणि हरकती मागवल्या जातात. तक्रार नातेवाईकच काय, सहकारीही करू शकतो, आणि गुन्हा घडला नाही हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर येतो. लगेच आधीच्या धर्मात परतणे मात्र या कायद्याने धर्मांतर धरलेले नाही.

जून २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने हा कायदा मागे घ्यायचे ठरवले. पण मंत्रिमंडळाचा निर्णय म्हणजे विधिमंडळाची मंजुरी नव्हे. म्हणून बाप्तिस्म्याआधी प्रत्येक पाळकाने वकिलाकडून त्या दिवशीची स्थिती विचारून घ्यावी आणि कागद पूर्ण करावेत. पुराव्याचा भार उलटा टाकणे मला अन्यायाचे वाटते, आणि ते न्यायालयात मांडायला हवे. पण कागद टाळून गुपचूप विधी उरकणे हा त्यावरचा उपाय नाही. उजेडात करता येत नाही ते करू नये.

दलित माणूस ख्रिस्ती झाला तर आरक्षण जाते का?

अनुसूचित जातीचा दर्जा जातो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने तो हिंदूंपुरता होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आणि मुसलमान आले नाहीत. अनुसूचित जमातीचा दर्जा धर्मावर अवलंबून नाही. जो कोणी विश्वास ठेवू पाहतो त्याला हे आधी, स्पष्टपणे सांगितलेच पाहिजे. किंमत सांगितल्याशिवाय माणसाला बाप्तिस्म्याच्या पाण्यात उतरवू नये. आणि चर्चच्या आत जात पाळली जात असेल, सोयरीक आणि दफनभूमीपर्यंत, तर बाहेर कोणत्या तोंडाने जाणार?

आपली रीतभात सोडून साहेबी व्हावे लागते का?

मुळीच नाही. नारायण वामन टिळकांनी अभंग-ओवीत ख्रिस्त गायला आणि आजही आमच्या उपासनेत टाळ-पेटीवर ती पदे होतात. पंडिता रमाबाईंनी अनाथ-विधवांसाठी केडगावला मुक्ती सदन उभे केले आणि तिथेच बसून सगळे बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत उतरवले. आपल्याच जिल्ह्यात, बैलहोंगलकडच्या देशनूरला, एका येशूसंघीय (जेझुइट) फादरांनी भगवी वस्त्रे घेऊन विरक्त मठाच्या धर्तीवर काम उभारले. लिंगायत मठाच्या वातावरणात तिथे येशूची उपासना होते. काही ख्रिस्ती लोकांना हे रुचत नाही, काही लिंगायतांना ही नक्कल वाटते. मला वाटते, तिथले लोक त्यात मोकळेपणी श्वास घेतात का, हे पाहून मत बनवावे.

मी पाळक नाही, घर सांभाळते. माझे काय काम?

कॅथलिकांनी १९२७ मध्ये मिशनकार्याची सहआश्रयदाती (संरक्षक संत) म्हणून लिझ्यूच्या तेरेजाला निवडले. ही बाई मठाबाहेर मिशनला कधी गेलीच नव्हती, चोविसाव्या वर्षी क्षयाने वारली. प्रार्थना करणे, पत्र लिहिणे हे तिचे काम होते. ताई, तुमच्या गल्लीत विडी वळणारी बाई खोकते आहे का, ऊसतोड्यांच्या खोपटातले पोर शाळेत जाते का, हे तुम्हाला पाळकाच्या आधी कळते. तुम्ही कानडी बाजारात शिकलात, आम्ही पुस्तकातून शिकायला धडपडतो. हेच मिशन.

पैसा कुठून येतो? परदेशातून?

बहुतेक लहान मंडळ्या रविवारच्या अर्पणावर आणि दशांशावर (उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शावर) चालतात. परदेशी देणगी घ्यायची तर २०१० च्या विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर ती दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच यावी लागते आणि दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. माझे मत विचाराल तर मंडळीने आपल्या पैशावर उभे राहावे आणि जमाखर्च दारावर लावावा. मिझोराममधल्या बायका रोज स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढतात. त्या मुठींवर तिथल्या मंडळीने देशभर मिशनरी पाठवले.

आमची मंडळी तीस-चाळीस माणसांची. आधी आपले घर नको का सांभाळायला?

हे मला प्रत्येक सभेत ऐकू येते. कंपाउंडची भिंत पडली आहे, छत गळते आहे, तरुण पोरे पुण्या-बंगळूरला गेली. सगळे खरे. पण घर पक्के झाल्यावर बाहेर पडू असे म्हणणाऱ्या मंडळ्या मी म्हाताऱ्या होताना पाहिल्या आहेत. प्रेषितांच्या काळातली अंत्युखियाची मंडळी कोवळी असतानाच पवित्र आत्म्याने तिच्याकडून बर्णबा आणि पौल मागितले, तिची सर्वांत चांगली दोन माणसे.

पुण्या-बंगळूरला गेलेली पोरे गमावली असे समजू नका, त्यांना पाठवलेली समजा. निघताना त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना करा, महिन्याला एकदा फोन करून त्यांच्या शेजाऱ्यांची नावे विचारा.

गावात विरोध झाला, सभा बंद पाडली, तर?

वाद घालू नका, व्हिडिओ काढून पसरवू नका. त्याच दिवशी पोलिसांना लेखी कळवा आणि पोच घ्या. घरातली खासगी प्रार्थना आणि भाड्याच्या जागेतली जाहीर सभा यांत फरक आहे. ध्वनिक्षेपक आणि जाहीर सभेची परवानगी आधीच काढा, जागेचे कागद जवळ ठेवा. मारहाण झाली तर आधी दवाखाना, मग तक्रार, आणि तक्रारीत घडले तेवढेच लिहा. आठ-पंधरा दिवसांनी, वातावरण निवळल्यावर, ओळखीच्या वडीलधाऱ्याला सोबत घेऊन विरोध करणाऱ्यांच्या घरी जा. चहा दिला तर घ्या. त्यांचे म्हणणे पूर्ण ऐका, आपली चूक असेल तर तिथेच मान्य करा, आणि पुढची सभा कधी आहे तेही सांगून या.